मैदान कोणाला विचारून?

हॅझलबर्न
मंगळवार, ३ मार्च १९९८

क्लेम,

तुला लाज कशी वाटली नाही, ते आधी सांग. बहीण जिवंत आहे का, नॉर्मनचा गुडघा बरा झाला का, हे विचारायला तुला इतक्या वर्षांत कागद सापडला नाही. आई गेली तेव्हा दुकानातलं छापील कार्ड पाठवलंस आणि खाली नुसतं नाव खरडलंस. आणि त्या ट्रेंचर्डच्या वकिलाने हाक मारल्याबरोबर तीन पानं? शपथेवर? न्यूझीलंडात शाई स्वस्त झालीय का रे?

मला कसं कळलं तेही ऐक. काल हॉलमध्ये मैदान वाचवायच्या समितीची बैठक होती. मी हॉलची झाडलोट बघते आणि बैठकीला चहा करते, म्हणजे समितीत असूनही बंबाजवळच उभी. अध्यक्ष मिस्टर क्विल्टर, तो तू गेल्यानंतर गावात आलेला. बँकेतून रिटायर होऊन इथे आला आणि वर्षभरात गावाच्या इतिहासाचं पुस्तक छापून मोकळा झाला. तो चष्मा लावून वाचतोय : "विरुद्ध बाजूचा साक्षीदार, क्लेमंट टॅप्सेल, मुक्काम डनेडिन." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघतो. "टॅप्सेल म्हणजे तुमचंच माहेर ना, एव्हरिल?"

मी म्हटलं, "या गावात टॅप्सेल काय थोडे होऊन गेले?"

"क्लेमंट नावाचे?"

बंबाची तोटी चालूच राहिली. बशी भरली, ट्रे भरला, चहा माझ्या बुटात. सगळे असे माझ्याकडे बघतायत की मीच त्या जाइल्स ट्रेंचर्डला विटा वाहून देते. आणि मग सगळे एकदम फारच गोड बोलायला लागले. तुला आपली माणसं माहीत आहेत. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

आता तुला तिकडे बसून कळत नसेल तर सांगते. गूजफील्डचं मैदान कागदावर ट्रेंचर्डांचं आहे, नाही कोण म्हणतं? म्हातारी मिस ट्रेंचर्ड गेली, आता पुतण्या जाइल्स मालक. त्याला तिथे घरं बांधायचीत, एकेचाळीस. आमच्याकडे एकच हत्यार आहे. गावाने एखाद्या जमिनीवर वीस वर्षं खेळ केले, जत्रा भरवली, कुत्री फिरवली, तेही उघडपणे, कुंपण न मोडता आणि कोणाला न विचारता, तर ती गावाची हिरवळ म्हणून नोंदता येते. मग तिच्यावर वीट ठेवायची कोणाची टाप नाही. पण "न विचारता" हे मुख्य. विचारलं की आपण पाहुणे झालो. पाहुण्याला जा म्हणता येतं.

आणि तू काय लिहिलंस? की बाबा दर वर्षी जत्रेआधी ट्रेंचर्डांच्या मागच्या दारी जायचे, परवानगी मागायचे आणि ती मिळायची. तू गाव सोडलंस त्या वर्षापर्यंत.

बाबा? मागायला? पाद्र्याने जुना कोट पाठवला तर त्याला ब्रश मारून संध्याकाळच्या आत परत देऊन आलेला माणूस तो! दर शनिवारी त्या मैदानावर रोलर ओढून ज्याच्या खांद्याचं हाड निखळलं, तो विचारत होता की आम्ही इथे खेळू का?

तू खोटं लिहिलंस. बाबांवरचा राग तू गावावर काढतोयस. वकिलाला लिही की आठवण चुकली, साक्ष परत घेतो. चुकणं काही गुन्हा नाही.

एव्हरिल

*

हॅझलबर्न
शनिवार, १४ मार्च

क्लेम,

तुझं उत्तर नाही. पत्राला आठवडा लागतो म्हणतात, तेव्हा तुला अजून दोन दिवस शिव्या देत नाही.

आज दारात एक पत्रक पडलं. जाड, गुळगुळीत कागद, वर आपल्या चर्चचं चित्र. "लंडनपासून अर्ध्या तासावर, आठशे वर्षांचा इतिहास आणि हाताशी सर्व सोयी." जाइल्सच्या घरांची जाहिरात. मी नॉर्मनला मोठ्याने वाचून दाखवली. म्हटलं, आपण कुठल्या गावात राहतो ते तरी कळू दे.

रेल्वे स्टेशन! आहे ना. तिकिटाची खिडकी दुपारी बंद, छप्पर गळतं, पण आहे. बँक! आठवड्यातून दोन सकाळी उघडते. खाटकाचं दुकान गेलं, तिथे घरं विकणारा दलाल बसतो. ब्रेडवाला गेला, तिथेही घरं विकणारा दलाल. पोस्ट गोळ्या-चॉकलेटच्या दुकानात मागच्या बाजूला सरकलंय. पेन्शन घ्यायला जावं तर पुढे शाळेची पोरं लिमलेटसाठी रांगेत. फिरती लायब्ररी गुरुवारी, त्यातलं मोठ्या अक्षरांचं एकूण एक पुस्तक माझं वाचून झालंय. पबमध्ये गालिचा घातला आणि मेणबत्त्या लावल्या. नॉर्मन म्हणतो, बिअर पितोय की कोणाच्या मयताला आलोय तेच कळत नाही. तळ्याला कुंपण. कोणी बुडालं नव्हतं, बुडेल म्हणून.

आणि इतिहास तर काय, क्विल्टरच्याच पुस्तकातून उचललाय. लंडनच्या बाजाराला पायी नेताना बदकं आणि हंस गूजफील्डवर चरायला सोडत. मग रेल्वे आली, मग आपल्यासारख्यांची जोडघरं आली, आणि जुनी माणसं म्हणाली की आता गाव संपलं. आता आम्ही म्हणतोय.

पण खरी गंमत शेवटच्या पानावर. "मुलांना बागडायला प्रशस्त मैदान." फोटो कशाचा? गूजफील्डचा! ज्या मैदानावर घरं बांधायची त्याच मैदानाचा फोटो दाखवून घरं विकतायत. वर त्या फोटोत केकच्या टेबलाशी पाठमोरी जी जाडी बाई आहे ती मी. नॉर्मनने ओळखलं. म्हणाला, "जाहिरातीत आलीस की गं. ह्या सोयीचा दर विचारायला पाहिजे." मी उशी फेकून मारली.

हसले, मग रडू आलं. कोणाला सांगू नकोस. तू कोणाला सांगणार म्हणा.

एक गोष्ट लिहून ठेवते. काल समितीत कोणीतरी तुझा विषय काढलाच. "पण एव्हरिल, तुमचे वडील ट्रेंचर्डांकडे जायचे हे खरं आहे ना?" मी तिथल्या तिथे त्यांचं तोंड बंद केलं. म्हटलं, जायचे. वर्षातून एकदा, आईने गूजबेरी भरून भट्टीत भाजलेला पाय घेऊन. म्हातारी एकटी, खायला प्यायला धड नाही, मोठ्या घरात उपाशी मरायची म्हणून. आम्ही तिला दया दाखवत होतो, तिने आम्हाला नाही. मला आईने तसंच सांगितलं होतं. गूजबेरीची डेखं खुडून खुडून माझ्या बोटांची सालं निघायची, म्हणून माझ्या पक्कं लक्षात आहे.

सुनावणी २७ एप्रिलला, सोमवारी, आपल्याच हॉलमध्ये. मोठा अधिकारी येणार आहे. मला साक्षीला बोलावलंय, टॅप्सेलांची मुलगी म्हणून, तुझ्यावर उतारा म्हणून. मी बायबलवर हात ठेवून तुला खोटा म्हणणार आहे. त्याआधी तू स्वतःच म्हणालास तर बरं.

ए.

*

शुक्रवार, २७ मार्च

तुझ्या सहा ओळी मिळाल्या.

"मी पाहिलं तेवढंच लिहिलं. मी नऊ वर्षांचा असल्यापासून ते मला बरोबर न्यायचे. दार वाजवायच्या आधी टोपी काढायचे आणि मलाही काढायला लावायचे. तुला कधी नेलं नाही म्हणून तुला माहीत नाही. पेन्फोल्डबाईंना विचार. मला यात पुन्हा ओढू नकोस."

विचारते. आत्ताच जाते. बघू.

*

शनिवार, २८ मार्च

क्लेम,

विचारलं.

पेन्फोल्डबाई ट्रेंचर्डांकडे घरकाम बघायच्या, त्या अजून आहेत. स्टेशनमागे म्हाताऱ्यांसाठी घरं बांधलीत, तिथे खाली एक खोली आहे त्यांची. कान अर्धे गेलेत, जीभ शाबूत आहे. मला बघून म्हणाल्या, "टॅप्सेलची पोरगी ना तू? किती सुटलीस गं."

म्हटलं, "तुम्ही तशाच आहात, मिसेस पेन्फोल्ड."

"खोटं बोलू नकोस, मी वाळलेय. बस."

मी चहा होईपर्यंतही थांबले नाही. सरळ विचारलं : माझे बाबा मागच्या दारी का यायचे?

"जत्रेचं विचारायला," त्या म्हणाल्या. जसं काही मी विचारलं, दूधवाला का यायचा. "जूनमध्ये. गूजबेरीचा पाय घेऊन. हा एवढा. फार आंबट करायची तुझी आई, साखरेला हात आखडायची."

"तो पाय दया म्हणून होता."

"कोणावर? मिस ट्रेंचर्डवर?" आणि त्या अशा हसल्या की कवळी सावरावी लागली. "अगं, तिच्याकडे स्वयंपाकीण होती! विचारायला रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून आणायचा तो. टोपी काढून उभा राहायचा. म्हणायचा, आपली हरकत नसेल तर शनिवारी मुलांना मैदानावर घेऊ का, मिस. ती म्हणायची, अवश्य, मिस्टर टॅप्सेल. झालं. पाय आम्ही स्वयंपाकघरात खायचो."

"कोणी सांगितलं होतं त्यांना विचारायला?"

"कोण सांगणार? त्याच्या आधी कधीच कोणी विचारलं नव्हतं. ती तर पहिल्या वर्षी मला म्हणाली, हा मनुष्य काय विचारतोय गं? ती माझीच जागा आहे का?"

ऐकलंस? म्हातारीला माहीतही नव्हतं. गाव पिढ्यान्‌पिढ्या तिथे नाचत होतं आणि ती खिडकीतून बघत होती. आणि आमचे बाबा गेले टोपी काढून तिला सांगायला, की मिस, हे तुमचं आहे बरं का.

घरी आले ती बस सोडून चालतच. तुझ्यावरचा राग कुठे ठेवू कळेना. आईवर ठेवावा तर ती नाही. मला का सांगितलं नाही? मी काय परकी होते? डेखं खुडायला मी, आणि खरं काय ते तुझ्या कानात. मी बारा जणांसमोर छाती काढून सांगितलं की आम्ही ट्रेंचर्डांवर दया करायचो.

तुला खोटं म्हटलं ते परत घेते. बाकीचं काही परत घेत नाही.

एव्हरिल

*

हॅझलबर्न
सोमवार, १३ एप्रिल, ईस्टरचा

क्लेम,

पोस्ट आज बंद आहे, हे उद्या पहिल्या टपालाने जाईल. नीट वाच. घाईत वाचून बाजूला टाकू नकोस, ती तुझी जुनी खोड आहे.

क्विल्टरला मी सगळं सांगितलं. लपवणं माझ्याने होत नाही. तो आपल्या बागेत गुलाबाला खत घालत होता. ऐकून घेतलं, हातमोजे काढले, पुन्हा घातले. मग म्हणतो, "एव्हरिल, कोणी स्पष्ट विचारलंच नाही, तर आपण होऊन सांगायची गरज नसते."

"आणि विचारलं तर?"

"तुम्ही त्या वेळी तिथे नव्हता. ऐकीव गोष्ट. आणि मिसेस पेन्फोल्ड यांचं वय बघता..."

"त्यांची बुद्धी तुमच्या माझ्यापेक्षा शाबूत आहे."

"मी फक्त सुचवतोय."

"बायबलवर हात कोणाचा असणार, मिस्टर क्विल्टर? माझा ना? मग सुचवू नका."

तो लाल झाला. वाईट माणूस नाही तो. मैदान जाईल या भीतीने झोप उडालीय त्याची. माझीही उडालीय. तुला वाटेल ह्या बाईला काय एवढं. मैदान काही माझ्या खिडकीतून दिसत नाही, आणि मला आता धावायचंही नाही. पण ह्या गावात दार न ढकलता, काही विकत न घेता जाऊन बसावं अशी दुसरी जागा मला दाखव. चर्चला कुलूप असतं. पबमध्ये ग्लास घ्यावा लागतो. आई शेवटच्या वर्षी कोणालाच ओळखत नव्हती, तेव्हा मी तिला रोज त्या बाकावर नेऊन बसवायची. पोरांचा चेंडू आला की पाय पुढे करायची ती, मारायला. नाव आठवत नव्हतं स्वतःचं, पण पाय पुढे करायची. तू ते पाहिलं नाहीस.

तू लिहिलं नाहीस तरी मला कळलं की तू का गेलास. नऊ वर्षांच्या पोराला टोपी काढून मागच्या दारी उभं करायचं, तेही आपल्याच रोलरने आपणच सपाट केलेल्या गवतासाठी. मला नेलं असतं तर मीही कदाचित बोट पकडली असती. पण ते लाचारीनं करत होते असं मला वाटत नाही, क्लेम. मी पंधरा दिवस ह्यावरच विचार करतेय. ह्या गावात दुसऱ्याने आपल्या पायावर पाय दिला तरी सॉरी आपण म्हणतो. रिकाम्या डब्यातही बाजूच्या सीटवर पिशवी ठेवताना इकडेतिकडे बघतो. बाबांना विचारल्याशिवाय घास गिळवत नव्हता. सभ्यपणाच केला त्यांनी, आणि त्याच सभ्यपणाने गावाचं मैदान जायची वेळ आणली. का भ्याले होते ते? मला माहीत नाही. तू बरोबर उभा होतास, तुला जास्त कळत असेल.

आता मुद्द्याचं.

परवा पेन्फोल्डबाईंनी मला निरोप पाठवून बोलावलं. म्हणाल्या, "ती वीस वर्षं कुठून मोजतात गं?" मी म्हटलं, राणीच्या ज्युबिलीच्या उन्हाळ्यापासून, १९७७च्या, कारण आम्ही अर्ज गेल्या वर्षी केला. तर त्या उठूनच बसल्या. "ज्युबिलीच्या वर्षी कोणाला विचारलं त्याने? म्हातारीला तर मी आदल्या ऑक्टोबरात ईस्टबोर्नच्या वृद्धाश्रमात पोचवून आले! घर बंद होतं. परत आलीच नाही ती."

तुला आठवतं का? मला नाही आठवत, मी तेव्हा नॉर्मनबरोबर रेडिंगला होते. बाई म्हणतात किल्ली त्यांच्याकडे होती, मधूनमधून खिडक्या उघडायला जायच्या. त्या जूनमध्ये गेल्या तर मागच्या पायरीवर आईने केलेला गूजबेरीचा पाय. वर फडकं, फडक्यावर मुंग्या, अर्धा पाखरांनी खाल्लेला. बाई म्हणाल्या, "मला वाटलं, वेडा आहे का हा? बंद दाराला पाय देऊन गेला?"

म्हणजे बाबा आले होते. सवयीने म्हण, कशाने म्हण. आणि तू बरोबर होतास, कारण तू पुढच्या वर्षी गेलास. तुझ्या तीन पानांत लिहिलंय, दर वर्षी परवानगी मागितली आणि दर वर्षी मिळाली. ज्युबिलीच्या वर्षी कोणी दिली? पुढच्या वर्षी कोणी दिली? त्याआधीची परवानगी वीस वर्षांत मोजतच नाहीत, ही दोनच वर्षं मोजतात.

मला सरळ म्हणता आलं असतं, कोणी दिलीच नाही. क्विल्टर तर ऐकून नाचायचाच बाकी होता. पण पेन्फोल्डबाई म्हणतात, जाइल्स तेव्हा हाँगकाँगला होता, मात्र त्या उन्हाळ्यात एकदा येऊन घर बघून गेला. कधी आला, किती दिवस राहिला, त्यांना माहीत नाही. बंदुका न्यायला आला होता म्हणे. तर तो त्या दिवशी आत असेल. त्याने दार उघडलं असेल, "अवश्य" म्हटलं असेल आणि गूजबेरीचा पाय तसाच पायरीवर टाकून निघून गेला असेल. त्याला आंबट कशाला लागतंय. जाइल्सचा वकील तेच म्हणणार हे नक्की. खोटं म्हणतोय की खरं, ते सांगणारा तुझ्याशिवाय जिवंत कोणी नाही.

मला वाटतं, तुला लहानपणीचं पक्कं आठवतं आणि शेवटच्या दोन वर्षांचं तू त्याच्यात ओढून घेतलंस. दर वर्षी, दर वर्षी, असं लिहायला सोपं जातं. पण मला काय वाटतं त्याला सुनावणीत किंमत नाही. तू तेव्हा एकोणीस वर्षांचा घोडा होतास, कोणासमोर उभा होतास ते आठवायला हवं.

तू काय लिहावंस ते मी सांगत नाही. ते क्विल्टर सांगेल, म्हणून त्याला तुझा पत्ता दिलेला नाही. जाइल्सने दार उघडलं असेल तर तसं लिही. मी हॉलमध्ये उभी राहून तुझा कागद स्वतः वाचीन आणि हरून घरी येईन. गाव माझ्याशी फार गोड वागेल, तेही सोसेन. आणि कोणीच उघडलं नसेल, तुम्ही दोघं हातात टोप्या घेऊन नुसते बंद दारासमोर उभे राहिला असाल, तर तेवढंच लिही. बाबा काय बोलले तेही लिही. ते मला मैदानासाठी नको, मला हवंय.

टपालावर भरवसा नको. गोळ्यांच्या दुकानात, पोस्टाच्या खिडकीशी आता फॅक्स आहे, नंबर पाकिटाच्या मागे लिहिलाय. सही कर, तारीख घाल. शुक्रवारी, २४ तारखेला, दुपारी बाराला दुकान बंद व्हायच्या आत मला कागद हातात पाहिजे. मी सकाळपासून तिथेच उभी असेन.

दार उघडलं का? कोणी?

एव्हरिल